सम्राटाची दाढी

दासियुसने पोलादी ठशात मऊ मेण दाबले, हलकेच सोडवले आणि उजेडाकडे धरले. मेणात सम्राट उठला होता. कोवळा चेहरा, गुळगुळीत हनुवटी, एक भुवई किंचित वर.

"ठेव ते बाजूला," टांकसाळीचा मुकादम प्रोकुलुस दारातूनच म्हणाला. "तुझ्या सम्राटाला त्याच्याच शिपायांनी तंबूत कापला. नवा बसलाय."

दासियुसच्या बोटांत मेण चेपले गेले.

सम्राटाचे त्याला सोयरसुतक नव्हते. राज्य कोणाचे, हे राजधानीपासून दूर या सिस्किया गावातल्या लोकांना नाणी पाहूनच कळे. आणि हल्ली सम्राट म्हणजे अळवावरचे पाणी. मागच्या वेळी, हा सम्राट नवा असताना, पगार थकल्याने सैन्य खवळले होते आणि राजधानीतून सम्राटाचे चित्र काही येईना. तेव्हा प्रोकुलुसच म्हणाला होता, काढ कुठलाही रुबाबदार चेहरा. दासियुसने लिक्कोचा काढला.

लिक्को त्याचा एकुलता एक मुलगा. हा सम्राट ज्या लढाईने गादीवर बसला, तिच्यात तो समोरच्या बाजूने लढताना पडला. प्रेतही मिळाले नाही. नाण्याच्या मागे 'सैन्याची एकजूट' हे शब्दही त्याच्या बापानेच कोरले. कोणाला कळते, तर मान गेली असती. माहीत होते फक्त त्याच्या बायकोला, उर्साला. लिक्कोची पहिली दाढी रिवाजाप्रमाणे उतरवून देवापुढे ठेवायची म्हणून तिने आणलेली डबी देव्हाऱ्यात रिकामीच होती.

"म्हणजे ठसे मोडायचे?" दासियुसने विचारले. पोर दुसऱ्यांदा मरणार होते.

"ते तर मोडायचेच. नव्यावर चेहरा मात्र हाच घे."

"पण मुकादम, तो तर..."

"नव्याला इथं कोण ओळखतंय? दाढी आहे म्हणतात. चढव दाढी, की झाला सम्राट!" प्रोकुलुस जायला वळला आणि थबकला. "आणि ती भुवई तशीच राहू दे. लहानपणापासून माझ्या दारावरून जाताना अशीच वर करायचा."

दासियुसने नवा ठसा पुढ्यात ओढला. दिवसभर तो केस न् केस कोरत राहिला.

संध्याकाळी त्याने नव्या ठशाचे मेण उर्साच्या तळहातावर ठेवले. तिने हनुवटीवरून अंगठा फिरवला.

"अहो," ती म्हणाली, "मामंजींसारखा दिसला असता."

मग ते मेण घेऊन ती उठली आणि तिने देव्हाऱ्यातली डबी उघडली.