उसनी मावशी

भरतीच्या त्या ऑफिसात सगळे तिला ताई म्हणायचे, आणि तिलाही ते आवडायचं. झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत ताईचं टेबल, आतल्या खोलीत साहेब. परदेशातल्या हॉटेलांत नोकऱ्या लावून देतो असं साहेब सांगायचे, आणि सांगताना अशी साखर पेरायचे की ताईने स्वतःच्या नवऱ्याचा पासपोर्टसुद्धा त्यांच्या कपाटात नेऊन ठेवला होता.

ताईचं खरं काम तालमीचं. जाणाऱ्यांचे व्हिसे असायचे पर्यटकांचे. तिकडे पोचलं की नोकरीचा करून मिळतो, सगळे तसंच करतात, असं साहेबांनी तिला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. सगळेच करतात म्हटल्यावर तिलाही फार खोलात शिरावंसं वाटलं नाही. मग विमानतळावरच्या अधिकाऱ्याने हटकलं तर काय सांगायचं, हे पोरांकडून घोटून घेणं तिच्याकडे आलं. शाळेत असताना नाटकात काम करायची हौस राहून गेली होती, ती इथे फिटली. टेबलापलीकडे बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून ती दरडावायची, "कशाला चाललात?" आणि समोरच्याने न अडखळता म्हणायचं, "फिरायला."

बहुतेकांना दोन-तीन तालमींत जमून जायचं. अडला तो एक भट्टीवाला. बेकरीच्या भट्टीवर राबणारा, हातांवर चटक्यांचे डाग, आणि खोटं बोलण्याच्या बाबतीत अगदीच ढ. कशाला चाललात म्हटलं की हा आपला "नोकरीला" म्हणून मोकळा. दटावलं की कानाच्या पाळ्या लाल. साहेब म्हणाले, सोडा याचा नाद, हा सगळ्यांना अडकवेल. पण नाकी नऊ आणणारा विद्यार्थीच ताईचा लाडका होऊन बसला होता. शेवटी तिनेच युक्ती काढली. तिकडे माझी मावशी राहते, तिला भेटायला चाललोय, असं सांग म्हणाली. त्या मावशीला दिलेलं खोटं नावही पठ्ठ्याच्या लक्षात राहीना, तेव्हा तिने त्याला एक खरं नाव दिलं. तेवढ्या आधारावर गडी उभा राहिला. निघायच्या आदल्या दिवशी तो मावशीबद्दल इतकं छान बोलला की ताईने टाळ्या वाजवल्या.

पुढे महिनाभरात साहेब सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन पसार झाले. पाठोपाठ भट्टीवाल्याचा त्याच्या आईला चोरून फोन आला. तिकडे हॉटेल नव्हतंच. एका उंच इमारतीत त्यांना कोंडलं होतं, पासपोर्ट काढून घेतले होते, आणि दिवसभर फोनवरून अनोळखी लोकांना गंडवायला लावत होते. आईने ते येऊन ताईला सांगितलं. ताई दोन दिवस जेवली नाही, हे मी तिची बाजू घेऊन सांगत नाही, नवऱ्याने काळजीने भावाला बोलावलं म्हणून सांगतो.

हा भाऊ, म्हणजे ताईचा दीर, वकील. पोलिसांचं बोलावणं आलं तेव्हा त्याने वाटेतच तिचे कान टोचले. तिकडचं सरकार म्हणतंय, ही माणसं फिरायला म्हणून आली आणि मुदत संपली तरी राहिली, तेव्हा गुन्हेगार तीच. त्यांना फसवून पाठवलं हे इकडून कुणीतरी सिद्ध केल्याशिवाय ती सुटायची नाहीत.

"पण ते कुणीतरी तुम्ही नाही, वहिनी," दीर म्हणाला. "तुम्ही फोन घेत होतात, चहा मागवत होतात, बस्स. तालमीचं एक अक्षर काढू नका. खोटं बोलायला शिकवलं म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं, असाच अर्थ कोर्ट काढणार. मग तुम्ही साक्षीदार राहणार नाही, आरोपी व्हाल. घरी पहिलीतली पोर आहे, तिचा विचार करा."

ताईने पोरीचाच विचार केला. चौकीत इन्स्पेक्टर मॅडम विचारतील त्याला तिने फोन आणि चहा एवढंच उत्तर दिलं. मॅडमनी दोनदा तिच्याकडे रोखून पाहिलं, पण हाती काही लागेना. भिंतीलगतच्या बाकावर भट्टीवाल्याची आई बसली होती. मॅडम कागद आवरायला लागल्या तशी ती उठून आली आणि तिने ताईचा हात धरला.

हिला त्रास देऊ नका, असं ती मॅडमना म्हणाली. ही गुणाची पोर आहे. माझा मुलगा चारचौघांत तोंड उघडत नव्हता, त्याला हिने बोलायला शिकवलं.

कागद आवरता आवरता मॅडम थांबल्या. "काय बोलायला?"

धीर देत होत्या हो सगळ्यांना, असं म्हणत दिराने विषय गुंडाळला. तो गुंडाळला गेलाही असता. पण आईला लेकाचं बोलायला मिळाल्यावर ती थोडीच थांबणार? "तिथे त्याला रोज मारतात, मॅडम," ती म्हणाली. "थापा मारायला सांगतात आणि याला त्या जमत नाहीत. लहानपणापासून असाच आहे."

ताईला एकदम त्या लाल झालेल्या पाळ्या आठवल्या. मग तिला राहवेना.

"मी शिकवलं, मॅडम," ती म्हणाली. "फिरायला चाललोय म्हणायला मीच शिकवलं सगळ्यांना. त्याला जमत नव्हतं, तरी मी सोडलं नाही. विमानतळावर तो 'नोकरीला' म्हणाला असता तर तिथूनच परत पाठवला असता. आज तो बेकरीत असता."

दिराने डोळे मिटून घेतले. हे लिहून घेतलं तर आज घरी जाता येणार नाही, असं मॅडमनी तिला सावकाश समजावून सांगितलं. ताईने मान डोलावली. मग दिराकडे वळून म्हणाली, "भावजी, पोरीला शाळेतून तुम्हीच आणा. ती फाटकापाशी थांबते, पळत बाहेर येऊ देऊ नका." एवढं बोलताना मात्र तिला रडू फुटलं. पहिल्यापासून सांगा, म्हणून मॅडमनी नवा कागद घेतला. ताईने सांगता सांगता मावशीची युक्तीही सांगितली.

"कसली मावशी?" भट्टीवाल्याच्या आईने मध्येच विचारलं. ताईचा हात तिने केव्हाच सोडला होता. "मला बहीणच नाही."

"खोटीच होती, काकू."

"आणि नाव काय सांगायला लावलंस तिचं?"

ताईला मान वर करवेना. "माझंच," ती म्हणाली.

काकू शिव्या देतील, थोबाडीत मारतील, ताईची सगळ्याला तयारी होती.

"मग मावशी आहेस ना त्याची," काकू म्हणाल्या, "आण त्याला परत."

ताईने डोळे पुसले, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि पुन्हा पहिल्या तालमीपासून सांगायला घेतलं.