कै. मोतीराम

"मी जिता हाय का मेलो, तेवढं आधी सांगा!" मखमलाबादचे मोतीराम छापखान्याच्या दारातूनच ओरडले. हातात मुलाच्या लग्नाची पत्रिका. मागे बायको सरुबाई, तोंडाला पदर लावून.

मालकांनी पत्रिका वाचली आणि कपाळावर हात मारला. वारलेले आजोबा 'श्री. वाळू' आणि समोर उभा असलेला नवरदेवाचा बाप 'कै. मोतीराम'. आता बोला!

"माझा बाप जिता केला आन् मला मारलं. वा रं बहाद्दर!"

सहादू मान खाली घालून उभा राहिला. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात नाशकात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे तोच सगळ्यांना सांगत असे. वर्षभरापासून मात्र जवळचं पुसट दिसत होतं. पण चाळिशी लागली म्हणेल तर शपथ! जोडीच्या चिमाजीला चष्मा लागला तसं मालकांनी त्याला खिळ्यांवरून उठवून गठ्ठे बांधायला आणि अधूनमधून प्रूफ बघायला बसवलं होतं. त्या धास्तीने सहादू रोज सकाळी तळहात चोळून डोळ्यांवर धरी, बुबुळं गरगर फिरवी, अंगठा जवळ-लांब नेऊन एकटक बघे. "याने डोळ्यांचा शीण जाईल बाबा, चाळिशी जात नसते," डॉक्टरांनी सांगितलं होतं. याने डॉक्टरांनाच वेड्यात काढलं. डोळे हलके वाटत, हे खरं. अक्षर होतं तेवढंच पुसट राही. मग अंदाजाने जुळवायचं आणि प्रूफ वाचल्यासारखं करायचं.

"प्रूफ कोणी बघितलं?" मालकांची नजर चिमाजीकडे गेली. "चष्मा लावूनही दिसत नाही का रे तुला?"

चिमाजी चष्मा काढून पुसू लागला. सहादूला लाज वाटत होती, तरी 'मी' म्हणवेना.

तेवढ्यात सरुबाई बोलल्या. "चार दिस झालं, बाया येत्यात त्या आधी माझ्या कपाळाकडं बघत्यात. कुकू हाय का पुसलं..."

सहादूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी केलं, ताई. चिमाजीचा काही संबंध नाही," तो म्हणाला. "मालक, मला जवळचं दिसत नाही. चाळिशी लागलीये."

मालकांनी त्याला शिवी दिली नाही. "चिमाजी, तू बस खिळ्यांवर," एवढंच म्हणाले.

संध्याकाळपर्यंत नव्या पत्रिका निघाल्या. सहादूने त्या घड्या घालून गठ्ठ्यात बांधल्या आणि मोतीरामांच्या पुढे ठेवल्या. त्यांचा राग एव्हाना उतरला होता. गठ्ठ्यातून एक पत्रिका ओढून त्यांनी चिमाजीपुढे धरली.

"याचं नाव घाल रं हिच्यावर. लग्नाला आला पायजे गडी." मग सहादूकडे बघून डोळे मिचकावले. "नावाच्या आधी काय लावायचं? श्री का कै?"

सगळे खो खो हसले. सरुबाईसुद्धा पदराआड हसल्या.

सहादूने हात जोडले. "नुसतं सहादू लिही," तो चिमाजीला म्हणाला.