मूठ उघडणारे महाराज

ताईच्या बैठकीच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. शेजारीपाजारी सोफ्यावर, खिडकीत, एक काका तर चपलांच्या कपाटावर! कारण मूठ उघडणारे महाराज आले होते आणि माझ्या भाचीची डावी मूठ उघडणार होते.

भाचीला सेरेब्रल पाल्सी. डाव्या हाताचे स्नायू लहानपणापासून आखडलेले, मूठ कायम मिटलेली. रोज थेरपिस्ट बाई मोबाइलवरून व्यायाम सांगायच्या आणि ताई तो करवून घ्यायची. त्या दिवशी व्यायामाच्या मध्येच महाराज अवतरले आणि गडबडीत व्हिडिओ कॉल बंद करायचा राहिला. फोन बिस्किटांच्या डब्याला टेकून सगळं बघत होता.

"सुटऽऽ बंधना, सुटऽऽ!" महाराजांनी पोरीचं मनगट धरून खाली वाकवलं आणि खरंच बोटं उलगडली! एकच जल्लोष. ताई ढसाढसा रडायला लागली.

"आता व्यायाम बंद," महाराज म्हणाले. "त्या यंत्रातल्या बाईची सावली माझी शक्ती खाते."

ताईने मान डोलावली. वर्षभराची मेहनत पाण्यात!

"सावली बोलतेय," डब्याजवळून आवाज आला. काका कपाटावरून घसरले. "सगळ्यांनी एक हात सैल सोडा. दुसऱ्या हाताने त्याचं मनगट वर उचला, मग खाली वाकवा."

"अगं बाई! माझीपण बोटं उघडली!" शेजारीण किंचाळली.

"सगळ्यांचीच उघडतात. बोटं मिटवणारे स्नायू मनगटावरून जातात. मनगट वाकलं की त्यांचा ताण सुटतो. महाराज, सोडा बरं मनगट."

त्यांनी सोडलं. मूठ पुन्हा मिटली.

"माझी मूठ लोखंडी आहे!" महाराज चवताळले. "उघडून दाखवा!"

भाचीने उजव्या हाताने त्यांचं मनगट धरलं आणि सगळा भार टाकला. मामा म्हणून मीही हातभार लावला. लोखंड उघडलं! पोरगी खिदळत ओरडली, "सुटऽऽ बंधना!"

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. महाराज पाणी प्यायला म्हणून उठले, ते थेट जिन्यात.

"बाई, चुकलंच माझं," ताई म्हणाली.

"असू दे. चला, मनगट सरळ. आता तिचं तिलाच करू दे."

पोरगी लालबुंद झाली. बराच वेळ काहीच नाही. मग अंगठा मुठीतून थोडासा सुटला. "मी केलं!" ती म्हणाली. मला रडू आवरेना.

तेव्हा मंडळी, कुणी चमत्कार दाखवला तर आधी तो स्वतःवर करून बघा. आणि कुणीही सांगितलं तरी पोरांचा व्यायाम बंद करू नका.