नऊ वाजून एक मिनिटाचे तीन बार

१९७८ सालच्या एप्रिलातली ही हकीकत. मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. दोन दारांची, राखाडी रंगाची, इंग्लंडात बनलेली. बोटीतून कोलंबोला उतरले, एका चहामळ्याच्या मालकाला बारा वर्षं फिरवलं आणि मग दिक्वेल्ल गावच्या विक्रमरत्न पोस्टमास्तरांच्या अंगणात नांदायला आले. मास्तर निवृत्त झालेले. गाव त्यांना महत्तया, म्हणजे साहेब, म्हणे. त्यांच्या स्वतःच्या सदऱ्याला दोन बटणं नसत, पण माझे दिवे ते रोज पुसत.

माझं दुखणं एकच होतं. चार प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटून देणारा माझा डिस्ट्रिब्युटर म्हातारा झाला होता. त्याचा दांडा लटलट हलायचा. एका प्लगला ठिणगी लवकर मिळे, दुसऱ्याला उशिरा, आणि मी चढावर खोकत उभी राही.

मास्तरांच्या पत्नी करुणावती दर एप्रिलात सिंहली नववर्षाला वेलिगमला माहेरी जात. सलग दोन वर्षं मला वाटेत बैल जोडावे लागले. त्यांच्या थोरल्या बहिणीने दारातच विचारलं, "गाडी कुणाची गं? बैल तर ओळखीचे दिसतात."

तेव्हा या वर्षी करुणावतींनी बजावून ठेवलं. "अहो, यंदा ही बया आपल्या बळावर माहेरच्या दारात उभी राहिली नाही, तर सोमवारी भंगारवाला येईल. मी निरोप धाडलाय."

मास्तर त्या दिवशी जेवणावरून लवकर उठले.

गावचा मिस्त्री हेंड्रिक बास याने गॉलच्या एका डॉक्टरांच्या मोडीत निघालेल्या गाडीचा चांगला डिस्ट्रिब्युटर मिळवून आणला. माझा जुना त्याने उपसून काढला, प्लग साफ करायला काढले, आणि तेवढ्यात रेडिओने सांगितलं की मधला काळ लागला. जुनं वर्ष सरताना आणि नवं लागताना असे काही तास येतात. त्यात कुणी काम करत नाही, चूल पेटवत नाही. नुसतं विहारात जायचं. बासने पाना होता तिथे ठेवला आणि घरी गेला. मी बॉनेट उघडं टाकून बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मुहूर्तावर चुली पेटल्या. पहिलं काम आणि किरिबताचा पहिला घास, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, यांचा मुहूर्त मात्र एकच होता : सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं, तोंड उत्तरेला. तो क्षण आला की घराघरांतून फटाके उडतात, आणि ज्यांच्याकडे रेडिओ नाही ते त्या आवाजावर घास घेतात.

बासचं तोंड उत्तरेला यावं म्हणून चार शेजाऱ्यांनी मला ढकलून उलटं वळवलं. मी गिअरमध्ये होते, हे कुणी पाहिलं नाही. प्लग काढलेले असल्यामुळे इंजिन आतल्या आत सहज फिरलं. बासने काल इंजिन नेमक्या जागी आणून ठेवलं होतं, ती जागा गेली.

साडेआठलाच त्याने पाना उचलला.

"बास, अजून वेळ आहे," मास्तर घड्याळ बघत म्हणाले.

"हे काम कुठे आहे, महत्तया? नुसतं बसवणं आहे. काम नऊ बारालाच करू. मला घरी जाऊन पोरांना घास भरवायचाय."

"पण..."

"दिशा बरोबर आहे ना? मग झालं."

मास्तरांना भंगारवाला दिसत होता. त्यांनी घड्याळ खिशात घातलं.

इंजिनाच्या पुलीवरची खूण बासने पुन्हा जुळवली. पण मित्रांनो, ती खूण एका ठिणगीमागे दोनदा जुळते. एकदा खरी, एकदा फसवी. बासच्या वाट्याला फसवी आली. त्याने डिस्ट्रिब्युटर आणि प्लग बसवले, त्या हिशेबाने वायरी लावल्या आणि नऊ वाजून एक मिनिटाने मला सुरू केलं.

ठिणगी भलत्या वेळी पडली आणि मी तीन बार काढले. धाड, धाड, धाड.

समोरच्या पोडिहामिने आजींच्या रेडिओची बॅटरी संपलेली होती. त्यांच्या अंगणात लगेच फटाक्यांची माळ लागली. मग शेजारी, मग त्याच्या शेजारी. पाच मिनिटांत सगळ्या गल्लीने मुहूर्ताआधीच वर्षाचा पहिला घास गिळला होता.

करुणावती बाहेर आल्या. आमचा रेडिओ अजून मंत्रच म्हणत होता.

"हा आवाज कशाचा?"

बासने माझ्याकडे बोट केलं.

"कुणाला कळायचं नाही," मास्तर हळूच म्हणाले. "गप्प राहिलो तर..."

"सतरा घरांचं वर्ष बिघडवून गप्प राहायचं?"

"पण सांगितलं तर सगळे हिलाच नावं ठेवतील. मग तू सोमवारी..."

"सोमवारचं सोमवारी बघू. आधी सायकल काढा."

आयुष्यभर दुसऱ्यांकरवी तारा पोचवलेल्या मास्तरांनी त्या दिवशी स्वतः सायकलची घंटा वाजवत गल्ली पालथी घातली. "थांबा, अजून मुहूर्त झाला नाही. चूक माझी आहे. मी वेळ बघूनही काम थांबवलं नाही."

पोडिहामिने आजी फाटकात आल्या. "महत्तया, पोटात गेलं ते आता बाहेर काढू का?"

"नको आजी. ते गेल्या वर्षात धरा. नऊ बाराला दुसरा घास घ्या."

"मग तेवढ्यात पाणी पिते. तुमच्या गाडीने घसा कोरडा केलाय."

इकडे बासने पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा धरला आणि इंजिन हाताने फिरवलं. पुलीची खूण जुळली, तरी आतल्या हवेने अंगठा ढकलला नाही. तेव्हा त्याला उमगलं की ही खूण फसवी. पण या वेळी तो मुहूर्त येईपर्यंत हात जोडून उभा राहिला. खरे फटाके उडाले. आता घरी पोचणं शक्य नव्हतं, म्हणून करुणावतींनी अंगणातच त्याच्या तोंडात किरिबताचा घास घातला. मग त्याने समोरासमोरच्या वायरींची अदलाबदल केली.

मी सुरू झाले. इतकी हळू की मास्तरांना बॉनेटवर हात ठेवून खात्री करावी लागली.

वेलिगमच्या दारात थोरल्या बहिणीने मागे वाकून पाहिलं. "बैल कुठे सोडलेत?"

"गावी आहेत," करुणावती म्हणाल्या. "नववर्षाची सुट्टी दिली त्यांना."

सोमवारी भंगारवाला आला. त्याला चहा आणि नववर्षाचे दोन तळलेले गोड कवुम मिळाले, आणि तो हात हलवत परत गेला.

त्या साली पोडिहामिने आजींच्या म्हशीला जुळी झाली. आजींनी श्रेय दोन घासांना दिलं आणि मरेपर्यंत त्या दर वर्षी दोनदा पहिला घास घेत राहिल्या. हेंड्रिक बास त्यानंतर अंगठा लावल्याखेरीज कुणाची वायर जोडत नसे. त्याचं गॅरेज आता त्याची मुलगी चालवते, तीही तशीच. थोरल्या बहिणीने पुढे स्वतःची गाडी घेतली. ती एकदा बंद पडली तेव्हा मीच ओढून आणली. मास्तर एक्याण्णव साली गेले. करुणावती साठीनंतर गाडी शिकल्या आणि मला विहारापर्यंत नेत असत, दुसऱ्या गिअरमध्येच.

मी आता मातरला त्यांच्या नातीकडे आहे. ती दर पंधरा दिवसांनी मला थोडा वेळ सुरू ठेवते, पाणी बघते, तेल बघते. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर एवढं कराच. जुन्या यंत्राला विसरणंच सगळ्यात जास्त गंजवतं. फक्त नववर्षाच्या सकाळी ती माझ्या बॅटरीची वायर काढून ठेवते आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर जोडते. मी राग मानत नाही. तीही काळजीच आहे, थोडी माझी आणि बरीचशी गावाची.