डबलची हवा

"हा नको. म्हातारा आहे," सासरे म्हणाले आणि नवाकोरा टायर त्यांनी टायरवाल्याच्या हातात परत दिला.

टायरवाल्याने टायर उलटासुलटा करून पाहिला. "काका, आत्ता तुमच्यासमोर कागद फोडला की."

"कागद आज फोडलास. टायर कधी जन्मला ते बघ." टायरच्या कडेला चार बारीक आकडे असतात, त्यांच्यावर सासऱ्यांनी नख ठेवलं. "पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीन वर्षं तुझ्या माळ्यावर पडून होता. एक पाऊल न चालता म्हातारा झालाय बिचारा."

टायरवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी कानांवर हात ठेवले. गाडी माझी, टायर माझ्या गाडीचे, पण टायरच्या बाबतीत आमच्या घरात शब्द एकाच माणसाचा चालतो.

त्याला कारणही तसंच आहे. सासऱ्यांनी एकतीस वर्षं बस डेपोच्या टायर विभागात काढली. सकाळी सुटणाऱ्या प्रत्येक गाडीचे टायर ते वाकून बघायचे आणि पसंत पडला नाही तर त्यावर खडूने फुली मारायचे. फुली पडली की गाडी जागची हलायची नाही, मग ड्रायव्हर पाया पडो नाहीतर मॅनेजर अंगावर येवो. अख्खा डेपो त्यांना फुलीमास्तर म्हणायचा. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी त्यांची खोड गेलेली नाही. मी दातांच्या दवाखान्यांना कवळ्या करून देतो. सासऱ्यांची कवळी मीच केली, तर तीही त्यांनी दोनदा नापास केली.

गंमत अशी, की रोज शंभर गाड्या गावोगाव पाठवणारा हा माणूस स्वतः कुठेच गेला नव्हता. बसमध्ये बसलं की दहाव्या मिनिटाला त्यांना उलटी व्हायची. चारचाकीतही तेच. गावं त्यांना माहीत होती ती गाडी सुटायच्या वेळेवरून. कोणी पाहुणा आपल्या गावाचं नाव सांगू लागला की हे म्हणायचे, "हां, म्हणजे सव्वाआठचं गाव."

अकरा वर्षांपूर्वी मी ही मोटरसायकल घेतली. लांबच्या प्रवासाला आरामशीर आणि वळणावर चपळ, अशी दोन्ही घरं सांभाळणारी गाडी. सासऱ्यांनी आधी टायर तपासले, मग घसा खाकरून विचारलं, "जावईबापू, हिच्यावर मागे बसून उलटी होते का हो?" मी त्यांना गावाबाहेर एक फेरी मारून आणली. वारा लागत होता, चहूकडे उघडं होतं, पोटातलं पाणी हललं नाही. त्या दिवशी त्यांनी दोनदा जेवण मागून घेतलं.

मग दरवर्षी आमची चार-पाच दिवसांची सफर ठरलेली. साडेनवाचं गाव झालं, दुपारी दोनचं झालं, रात्रीच्या मुक्कामी गाड्यांची गावं झाली. राहिलं होतं एकच, पावणेसहाचं. डेपोतली सगळ्यात लांबची गाडी. सगळ्या रस्त्यांच्या शेवटी ते गाव होतं, त्याच्यापुढे रस्ताच नव्हता. सासरे म्हणायचे, "रस्ता संपतो म्हणजे नेमकं काय होतं, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय."

या वर्षी तेच ठरलं होतं. मागचा टायर त्यासाठीच बदलायचा होता.

पण त्या सकाळी दुकानाकडे निघताना बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं होतं. "या वर्षी बाबा येणार नाहीत. आणि हे तू त्यांना आज सांगायचंस."

"मी? तुझे बाबा आहेत ते."

"तुझं ऐकतात. टायर बघताना सांग, तेव्हा खुशीत असतात."

तिचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. गेल्या वर्षी परतीच्या वाटेवर सासरे चालत्या गाडीवर झोपले. आधी त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्‌कन आपटलं. मला वाटलं काहीतरी दाखवतायत. मग ते एका बाजूला कलायला लागले. मी डाव्या हाताने त्यांचा गुडघा घट्ट धरून गाडी कशीबशी कडेला घेतली. तोंडावर पाणी मारलं, चहा पाजला, पण दहा मिनिटांत पुन्हा टक्. घर अजून साठ किलोमीटर. शेवटी मी सामानाचा पट्टा काढला आणि दोघांच्या कमरेभोवती दोन वेढे घालून बक्कल लावलं. "माल नीट बांधलास," एवढं बोलून ते पुन्हा झोपले.

इथवर ठीक होतं. पण घरी पोचल्याच्या आनंदात मी पट्टा विसरलो. फाटकात स्टँड लावला, पाय टाकून उतरायला गेलो, तर माझ्यामागून सासरेही यायला लागले. अर्धे वर, अर्धे खाली, एकमेकांना चिकटलेले आम्ही दोघे, आणि समोर दारात माझी बायको. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलायला लागली ती अजून थांबलेली नाही.

दुकानात सासरे खरंच खुशीत होते. टायरवाल्याने माझ्या गाडीचा जुना मागचा टायर काढून ठेवला होता, त्याच्यासमोर ते उकिडवे बसले. "इकडे या. हे बघा. मधे सपाट झालाय. म्हणजे तुम्ही सरळ रस्त्यावर शहाण्यासारखे पळवता. डाव्या कडेला बरा झिजलाय. आणि उजव्या कडेला बोटभर रबर कोरं. उजव्या वळणाला भिता तुम्ही."

"भीत नाही. जपून घेतो."

"मी मागे बसतो, जावईबापू. तुमची पाठ कशी ताठ होते ते मला दिसतं."

टायरवाला फिस्सकन हसला. माझी लाज काढायला त्याला आता जोडीदार मिळाला होता. त्याने उत्साहाने तीन टायर समोर मांडले. एक मऊ रबराचा. रस्ता घट्ट धरणारा, पण लवकर संपणारा. दुसरा टणक. वर्षानुवर्षं टिकेल, पण ओल्या रस्त्यावर त्याची खात्री नाही. तिसरा दोन रबरांचा, मधे टणक आणि दोन्ही कडांना मऊ. सासऱ्यांनी प्रत्येकात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं, वास घेतला, आकडे वाचले. मग तिसऱ्यावर हात ठेवला. "हा. सरळ रस्त्यावर टिकेल आणि वळणावर घाबरटाला धरून ठेवेल."

"फर्स्ट क्लास," टायरवाला म्हणाला. "आता एकच सांगा. यात दोन प्रकार येतात. गाडी एकट्याने चालवायची असेल तर हा साधा. मागे माणूस, वर सामान असं असेल तर जाड अंगाचा घ्यावा लागेल. तो एकट्याला कडक लागतो, दणके बसतात. तर एकटे, की डबल?"

हाच तो क्षण होता. वाक्य मी वाटेत तीनदा पाठ केलं होतं. बाबा, या वर्षी थंडी फार आहे. बाबा, रस्ता खराब आहे म्हणतात. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "म्हणजे तसं बघायला गेलं तर..."

"काका येणार ना मागे?" टायरवाल्याने आपला सरळ विचारलं.

मी जमिनीवरच्या नटबोल्टांकडे बघत राहिलो.

"एकट्याचा दे," सासरे म्हणाले.

"बाबा..."

"अहो, मला झोप येते. टायर कितीही भारी लावा, मागचा माणूस झोपला की गाडी नापास. डेपोत असतो तर मीच मला फुली मारली असती." ते मोठ्याने हसले. टायरवालाही हसला. मला काही जमलं नाही.

"तिने सांगितलं तुम्हाला?"

"ती कसली सांगतेय! पंधरा दिवस झाले, माझ्या चहात साखर जास्त पडतेय. लहानपणी काही फोडलं की अशीच लाडात यायची." मग ते माझ्याकडे न बघता, हातातल्या टायरच्या खाचेतून बोट फिरवत म्हणाले, "तुम्ही मात्र जा. रस्ता कसा संपतो ते नीट बघून या आणि मला सांगा. थापा मारू नका, मला लगेच कळतं."

मला स्वतःचीच लाज वाटली. जे सांगायला मी पंचावन्न किलोचा दगड छातीवर घेऊन आलो होतो, ते या माणसाने दोन शब्दांत सांगून टाकलं, तेही मला अवघड वाटू नये म्हणून हसत. मी त्या क्षणी "डबलचा दे" म्हणायला हवं होतं असं मला आजही कधीकधी वाटतं. पण ते म्हणालो असतो तर त्यांनी मलाही नापास केलं असतं, हेही तितकंच खरं.

टायर चढवताना ते टायरवाल्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. तो दर मिनिटाला सांगत होता, "फिरायच्या दिशेचा बाण पुढेच आहे काका. साबण लावलाय काका. वजनं बसवून तोल बघितलाय काका." शेवटी त्याने हवेची नळी उचलली. "मागे छत्तीस पौंड. एकट्याला बरोबर."

"थांब. घरी जाताना मी मागे बसणार आहे. बेचाळीस भर."

"पाच किलोमीटरवर तर घर आहे तुमचं!"

"पाच असो नाहीतर पाचशे. दोन माणसं म्हणजे डबलची हवा. भर."

त्याने बेचाळीस भरली.

आम्ही निघालो. घरी, दुकानात, चारचौघांत सासरे मला अहोजाहो करतात. लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी त्यात फरक नाही. पण मोटरसायकलवर बसले की ते मला सरळ अरेतुरे करतात, आणि मला ते फार आवडतं. चौकात आलो तर मागून खांद्यावर थाप पडली. "अरे, डावीकडे कुठे वळतोस? उजवीकडे घे."

"घर डावीकडे आहे, बाबा."

"नवा टायर गुळगुळीत असतो. जरा घासून घ्यायला नको? घे उजवीकडे."

उजवीकडे गावाबाहेरून जाणारा मोठा रस्ता होता. त्या रस्त्याने घर चाळीस किलोमीटर पडतं. मी गाडी वळवली. उन्हं चांगली पडली होती, रस्ता मोकळा होता. दर दोन-तीन मिनिटांनी पाठीवर टिचकी पडायची आणि मागून आवाज यायचा, "मी जागा आहे रे." पहिल्या उजव्या वळणावर माझी पाठ ताठ झाली असणार, कारण लगेच फर्मान आलं, "सैल सोड. गाडीला जाऊ दे. थोडं अजून. हां. आज एवढंच, टायर नवा आहे." पुढच्या वळणावर आणखी थोडं. त्याच्या पुढच्यावर मी काही न ऐकताच गाडी नीट कलवली आणि मागून त्यांनी शिट्टी मारली. कवळी घालून शिट्टी मारणं सोपं नाही. मी माझ्या कामावर खूश झालो.

चाळीस किलोमीटरमध्ये ते एकदाही झोपले नाहीत. फाटकात मी गाडी उभी केली तर बायको धावत बाहेर आली. इतका वेळ लागला म्हणून ती चिडली होती. तिने आधी आमच्या कमरांकडे पाहिलं. पट्टा नव्हता.

"टायर घासत होतो," सासरे हेल्मेट काढत म्हणाले. "आणि हो, जावईबापू एकटेच जातायत. मी नाही. मला तिकडची थंडी सोसणार नाही." माझंच पाठ केलेलं वाक्य होतं ते. बायकोने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी नजर चुकवून आत गेलो. त्या रात्री तिला खरं काय ते सांगितलं, तर ती बराच वेळ कपाटाकडे तोंड करून घड्या घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत खिडकीशी आलो तर अंगणात सासरे गाडीच्या मागच्या चाकाशी बसलेले. हातात माझा हवा मोजायचा गेज. मी तसाच बाहेर गेलो.

"बाबा, मी केलं असतं की."

"काल करायचं नव्हतं. गरम टायरची हवा काढली की माप चुकतं. रात्रभर थंड झालाय, आता बरोबर येईल." त्यांनी टोपण काढून खिशात ठेवलं आणि नखाने व्हॉल्व्ह दाबला. हवा सुटायला लागली. त्यांनी मान कलती करून तो आवाज ऐकला, थांबले, गेज लावला. "एकोणचाळीस." पुन्हा दाबला.

बायको चहा घेऊन दारात आली होती. तिला काय चाललंय ते कळायला वेळ लागला नाही. "राहू द्या ना, बाबा," ती म्हणाली. "असू दे तेवढी हवा."

"अगं, कशी असू दे? एकट्याला एवढी ठेवली तर टायर मधूनच झिजेल. चांगला टायर आहे." पुन्हा हवा सुटली. ती कपबशी हातात धरून तिथेच उभी राहिली.

सासऱ्यांनी गेज लावला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला, मग खात्रीसाठी माझ्यापुढे धरला. काटा छत्तिसावर होता. त्यांनी टोपण फिरवून घट्ट बसवलं आणि चाकाचा आधार घेत सावकाश उठले.

"आता मागून हलकी लागेल," ते म्हणाले. "सवय होईपर्यंत जपून घ्या."

"घेतो," मी म्हणालो.