तोरोआला बोलतं करताना

रिपेका आंटीनं पहिल्याच भेटीत मला विचारलं, "तुमच्या त्या डेस्मंडला पोहता येतं का गं?"

"माहीत नाही. का?"

"तोरोआचे बूट बदलले तर मी त्याला धक्क्यावरून ढकलणार आहे. आधी सांगितलेलं बरं."

आणि तिनं माझ्यापुढे कालवांची बशी सरकवली. ब्लफ या बंदरगावच्या कालवांना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, त्यामुळे मला तोंड भरून गप्प बसावं लागलं. तिला तेच हवं होतं.

मी सिनेमाची पटकथा लिहायला आले होते. डेस्मंड आमचा दिग्दर्शक. ऑकलंडमध्ये त्यानं मार्गारीन आणि गवत कापायच्या यंत्रांच्या जाहिराती काढल्या होत्या आणि आता त्याला खराखुरा सिनेमा काढायचा होता. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती, तेव्हा आमच्या देशात जो तो सिनेमा काढायला निघाला होता. डेस्मंडनं रिपेका अँडरसनच्या चित्रकथेचे हक्क घेतले आणि मी पडले शेजारच्या इन्व्हरकारगिलची, म्हणून म्हातारीला गोड बोलून वळवायला मला पुढं धाडलं.

मला मात्र तोरोआकडे वळवायची गरज नव्हती. तिच्यावरच मी वाढले होते. साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर चित्रांची एक पट्टी यायची. त्यात रुंद खांद्यांची, चाळिशी ओलांडलेली एक माओरी बाई, अंगात पिवळा रेनकोट, पायात पांढरे गमबूट. तोरोआ म्हणजे आमच्या समुद्रावरचा अल्बट्रॉस. तो पक्षी आभाळात राजासारखा तरंगतो, पण उडण्याआधी त्याला लांबवर धावावं लागतं आणि उतरताना तो हमखास कोलमडतो. आंटीची तोरोआही तशीच. धक्क्यावरून धापा टाकत धावायची, उडायची, बुडणारी होडी काखेत मारून आणायची आणि उतरताना नाकावर आपटायची. बाकी सगळ्यांच्या तोंडापाशी बोलण्याचे फुगे असत. तोरोआच्या तोंडापाशी कधीच नाही. इतक्या वर्षांत ती बाई एक अक्षर बोलली नव्हती.

"तर ऐक," मी कालव गिळेपर्यंत आंटीनं अटी सांगून टाकल्या. "बूट हेच. पडणार म्हणजे पडणार. आणि बोलणार नाही."

पुढच्या आठवड्यात डेस्मंड आला. बरोबर लॉरेन फिंच ही नटी आणि एका खोक्यात रुपेरी बूट.

"मिसेस अँडरसन," तो अगदी नम्रपणे म्हणाला, "कागदावर गमबूट शोभतात. पडद्यावर नायिका गाईचं दूध काढायला निघाल्यासारखी दिसेल."

"आणि हे घालून समुद्रावर गेली तर कशी दिसेल? लग्नाच्या वरातीतून पाण्यात पडल्यासारखी." मग आंटीनं लॉरेनला खालीवर न्याहाळलं. लॉरेन टीव्हीवर एका मालिकेत नर्स व्हायची. वेताच्या छडीसारखी सडपातळ. "आणि हिच्यासाठी क्रेन कशाला आणताय? धक्क्यावर नुसती उभी करा. वारा नेईल."

लॉरेननं भिंतीवरचं तोरोआचं चित्र पाहिलं. "तुम्ही हिची कंबर एवढी काढलीय की मी आणि माझी बहीण दोघी मावू. कुणाला बघून काढलीत?"

"आरशात बघून," आंटी म्हणाली.

मी जीभ चावली. लॉरेन मात्र खो खो हसत सुटली. आंटी हसली नाही, पण तिनं तिच्यापुढे बशी सरकवली.

उडण्याची पहिली चाचणी धक्क्यावर झाली. होड्यांमधून पोती उतरवायची जी क्रेन होती, तिलाच तार बांधून लॉरेनला टांगायचं ठरलं. क्रेन चालवायला अर्नी, गावातला. त्यानं आयुष्यभर कालवंच उचलली होती. तो लॉरेनला म्हणाला, "घाबरू नकोस पोरी, आजवर एकाही पोत्यानं तक्रार केलेली नाही."

सगळं गाव बघायला लोटलं. आंटी घडीची खुर्ची घेऊन पुढंच बसली.

लॉरेन धावली, तारेनं उचलली, आणि सामुद्रधुनीवरून वाऱ्याचा असा झोत आला की पिवळा रेनकोट उलटा होऊन तिच्या डोक्यावर गेला. खाली फक्त दोन पाय दिसत होते, हवेत सायकल मारणारे. मग ती भोवऱ्यासारखी गरगर फिरू लागली. एक गमबूट सुटून पाण्यात पडला आणि सीगल पक्षी त्यावर भांडू लागले.

"हात पुढं कर!" डेस्मंड भोंग्यातून ओरडत होता. "क्षितिजाकडे बघ!"

"क्षितिज कुठंय ते दाखवा आधी!" रेनकोटातून आवाज आला. "खाली उतरवा मला, मेल्यांनो! उतरवा!" यापुढचं जे ती बोलली ते ऐकून पाद्रीबुवांनी गावातल्या लहान मुलांना दुसऱ्या बाजूला नेलं.

मी आंटीला म्हटलं, "तुमच्या चित्रात रेनकोट किती छान फडफडतो."

"कागदावर वारा माझं ऐकतो," आंटी म्हणाली. "इथं तो माझ्या बापाचंही ऐकणार नाही."

अर्नीनं तिला हळूहळू उतरवायला घेतलं, पण शेवटच्या क्षणी वाऱ्यानं पुन्हा तडाखा दिला. लॉरेन रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर तोंडावर आपटली, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि धक्क्याच्या कडेला येऊन थांबली. मग ती उठली. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. तिनं रेनकोट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला आणि जणू काही घडलंच नाही अशा थाटात, मान ताठ ठेवून, लंगडत चालू लागली.

आंटी खुर्चीतून उठली. "हीच! अगं बाई, हीच ती!"

"हे नायिकेचं उतरणं आहे?" डेस्मंड कळवळून म्हणाला. "बटाट्याचं पोतं बरं पडेल."

"पडायला काय, कुणीही पडतं रे. पडल्यावर ती कशी चालली ते बघितलंस का? कॅमेरा चालू होता ना?"

कॅमेरा चालू होता. गाव टाळ्या वाजवत होतं. डेस्मंड लोकांच्या तोंडांकडे बघत राहिला. तो हट्टी होता, पण मूर्ख नव्हता. रुपेरी बूट त्या संध्याकाळी खोक्यात गेले ते पुन्हा दिसले नाहीत.

खरी पंचाईत पुढं आली. ऑकलंडच्या पैसेवाल्यांचा फोन आला की नायिका मुकी असलेला सिनेमा त्यांना नको. डेस्मंडला वाटलं, आपण या मौनाचा अर्थ नीट मांडला तर तेही वळतील आणि आंटीही खूश होईल. तो तिच्या स्वयंपाकघरात येऊन डोळे मिटून सांगू लागला, "तिचं मौन म्हणजे समुद्राचं मौन आहे. अथांग. युगायुगांचं."

"समुद्र गप्प?" आंटी म्हणाली. "तू ब्लफलाच उतरला आहेस ना रे?"

शेवटी मी सुचवलं, जेवढं चित्रित झालंय तेवढं गावाला दाखवू. रविवारी दुपारी सभागृहाचे पडदे ओढून आम्ही रिळं लावली. आवाज अजून जोडायचाच होता, त्यामुळे नुसती चित्रं. तोरोआ होडीतल्या नावाड्याला मानगुटीला धरून उचलते, असा प्रसंग होता.

अंधारात अर्नीचा घोगरा आवाज आला, "तुला सांगितलं होतं ना, आज जाऊ नकोस म्हणून?"

लोक हसले. मागून एक आजी किणकिणत्या आवाजात म्हणाली, "छे! ती अशी खेकसणार नाही. ती म्हणेल, ये राजा, पाय भिजले का तुझे?"

"पाय भिजले? तो माणूस बुडतोय, आजी!"

"तोरोआ माओरीतच बोलते," एक दणकट बाई म्हणाली. "माझी आई आम्हांला तशीच वाचून दाखवायची."

"आमच्या घरी ती शिव्या देते."

"तुझ्या घरी सगळेच देतात!"

मग जो तो उठून तोरोआच्या वतीनं बोलू लागला. मीही ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण तोंडातून माझ्या वडिलांची लकब निघाली. कारण ती पट्टी मला तेच वाचून दाखवायचे, रिकाम्या जागा स्वतःच भरून. पडद्यावर लॉरेन निमूट उडत होती आणि खाली अख्खं गाव तिच्या आवाजावरून भांडत होतं. डेस्मंड डोकं धरून बसला होता. आता कुणाचाही आवाज दिला तरी बाकीचे सगळे नाराज होणार, हे त्याला कळून चुकलं होतं.

सगळे गेल्यावर लॉरेननं आंटीला सरळ विचारलं, "आंटी, खरं सांगा. ती का बोलत नाही?"

"क्रॉम्बीमुळे."

"क्रॉम्बी कोण?"

"संपादक होता. पहिल्या पट्टीत तोरोआ बोलली होती की. आम्ही इथं बोलतो तशी. त्यानं ते खोडून छापलं, 'नागरिकहो, भिऊ नका, आपण सुरक्षित आहात.' पेपर आला तर माझी आई म्हणते, ही कोण गं? इंग्लंडच्या राणीची मावशी? आठवडाभर गाव मला 'नागरिकहो' म्हणत होतं. मग मी म्हटलं, फुगाच काढत नाही. घे, आता काय खोडतोस ते खोड."

डेस्मंडचा युगायुगांचा समुद्र एका क्षणात आटला. तो हळूच म्हणाला, "मग तुमचं मूळ वाक्य काय होतं? तेच घेऊ. तिचं ते एकच वाक्य. एवढ्यावर पैसेवाले तयार होतील."

आंटीनं डोकं खाजवलं. "आठवत नाही. खरं सांगू का? काही फार बरं नव्हतं ते."

पण एक वाक्य देईन, असं तिनं कबूल केलं. आणि तिथून आंटीचे हाल सुरू झाले. ती मला धक्क्यावर गाठून म्हणायची, "हे ऐक, 'समुद्र घेतो तसं देतोही.' कसं वाटतं?"

"क्रॉम्बीसारखं वाटतं."

"चालती हो." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, नवीन वाक्य घेऊन. होड्यांवर नावं रंगवणं हा तिचा धंदा. त्या दिवसांत एका होडीचं नाव तिनं चुकीचं रंगवलं, इतकं तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. एकदा वैतागून म्हणाली, "इतकी वर्षं तिला गप्प ठेवलं, तेव्हा मला वाटायचं तिच्या मनात केवढं काय काय आहे. आता तोंड उघडायला सांगितलं तर बया मलाच काही सांगत नाही."

शेवटच्या प्रसंगाच्या दिवशीही वाक्य नव्हतं. तोरोआ वादळातून खलाशांना आणून धक्क्यावर सोडते, ते थरथरत तिच्याकडे बघतात, आणि ती बोलते, एवढं मी लिहिलं होतं. पुढं कोरा कागद. पाऊस आणायला आणलेल्या नळ्यांची गरजच पडली नाही. खराच आला, आडवा, बर्फासारखा गार. लॉरेन दिवसभर तारेवर होती. तिचे ओठ निळे पडले होते.

"आंटी, काय म्हणू मी?" तिनं वरूनच विचारलं.

"पडून तर घे आधी!" आंटी ओरडली. "तोवर सुचेल काहीतरी!"

लॉरेन पडली. आता तिला छान पडता येत होतं. उठली, रेनकोट ओढला, चार पावलं चालली. मग थांबून तिनं एक गमबूट काढला आणि उलटा केला. त्यातून भसकन पाणी आणि एक छोटा मासा पडला. खलाशी झालेले गावकरी तिच्याकडे आ वासून बघत होते. लॉरेननं आंटीकडे पाहिलं. आंटीनं दोन्ही हात पसरले, म्हणजे काही नाही, माझ्याकडे काहीच नाही.

लॉरेननं खलाशांकडे तोंड वळवलं. दात कडकड वाजत होते. "अरे," ती म्हणाली, "कुणी चहाचं आधण ठेवलंय की नाही?"

मग त्या दिवशी क्रेन पुतण्याकडे सोपवून खलाशी झालेला अर्नी, ज्याला एकही संवाद नव्हता, शरमेनं म्हणाला, "ठेवतो की बाई, ठेवतो," आणि खरोखरच पळत सुटला, चौकटीच्या बाहेर.

"कट!" डेस्मंड म्हणाला. "लॉरेन, हे काय होतं? पुन्हा घेऊ."

"पुन्हा नाही," आंटी म्हणाली. तिच्या नाकावरून पावसाचं पाणी ओघळत होतं. "ते ठेव."

"पण मिसेस अँडरसन, हे वाक्य तुमचं नाही."

"माझं नाहीच. मला कुठं थंडी वाजत होती? उडत होती ती."

सिनेमा ऑकलंडमध्ये बेताचाच चालला. एका समीक्षकानं लिहिलं की दिग्दर्शकानं महानायिकेच्या कल्पनेचा धीटपणे उपहास केला आहे. डेस्मंड ते कात्रण आजही दाखवतो, उपहास त्याच्या मनातही नव्हता हे न सांगता. ब्लफमध्ये मात्र सिनेमा हिवाळाभर हटला नाही. लोक पुन्हा पुन्हा यायचे, सिनेमाभर आपापल्या आवाजात बडबडायचे आणि त्या एका वाक्याच्या आधी मात्र एकदम चिडीचूप व्हायचे. क्रॉम्बी, आता काठी टेकत चालणारा, एका दुपारी येऊन गेला. दारात आंटीला म्हणाला, "वाक्य चांगलं आहे, रिपेका. फक्त 'कृपया' राहिलं." आंटीनं त्याला तिकिटाचे पैसे परत देऊ केले.

डेस्मंडला लगेच दुसरा भाग काढायचा होता. त्यात तोरोआ भरपूर बोलेल, असं तो म्हणाला. आंटी म्हणाली, लॉरेनला विचार. लॉरेन म्हणाली, उन्हाळ्यात असेल तर बघू.

लॉरेन त्या वर्षी नाताळात, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, पुन्हा ब्लफला आली, कुठलंही काम नसताना. मीही होते. आंटी अंगणात बसून पट्टी काढत होती. लॉरेन मागून वाकून बघू लागली.

"कंबर अजून तेवढीच?" ती म्हणाली.

"वाढवलीय थोडी," आंटी म्हणाली. "बस आता गप. हलू नकोस, तुझं नाक काढायचं राहिलंय."