हरकत न घेतलेलं घर

“ठेव तो कागद आत. सही-बिही काही करायची नाही,” मी ताईला म्हणालो. “अगं, गल्लीतला हा रस्ता मी माझ्या हातानं दोनदा नकाशावर काढलाय. नोकरीला लागलो तेव्हा काढला, पोरगी झाली तेव्हा परत काढला. आता पोरीला पोर झालं. कुठं आलाय रस्ता?”

ताई शिलाई मशीनवर बसली होती. तोंडातल्या टाचण्या काढून ती म्हणाली, “मास्तर घरोघर फिरतायत रे. गल्लीत सगळ्यांनी हरकती भरल्या. माझी एकटीचीच राहिलीय.”

“मास्तरांना रिटायर झाल्यापासून उद्योग नाही. नगररचना खात्यात कोण बसतं, मास्तर का मी?”

“तूच बसतोस बाबा,” ती हसली आणि हरकतीचा फॉर्म घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला.

मी पालिकेत आरेखक. शहर पुढच्या वीस वर्षांत कुठे आणि कसं वाढणार हे मोठी माणसं ठरवतात, मी त्याच्या रेघा मारतो. पस्तीस वर्षांत मी या शहराला तीन बागा, दोन बाजार आणि एक नाट्यगृह दिलं. सगळं कागदावर! बागेच्या जागी गोदामं झाली, नाट्यगृहाच्या जागी एका नगरसेवकाचं मंगल कार्यालय उभं राहिलं. त्यामुळे आराखड्यावरचा माझा विश्वास कधीच उडाला होता, आणि त्याचा मला फार गर्व होता. खात्यात कुणी नवा आला की मी त्याला सांगायचो, रेघेला घाबरू नकोस, रेघ कुणाला चावत नाही.

खोटं कशाला बोलू, आणखीही एक कारण होतं. हरकती सुनावणीत मोठ्याने वाचतात. माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव माझ्याच साहेबांसमोर वाचलं जाणार, याची मला लाज वाटत होती. हे मी ताईला सांगितलं नाही.

सुनावणीला मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. मागे अख्खी गल्ली.

“विकासाला आमचा विरोध नाही साहेब,” मास्तर म्हणाले. “शहर वाढतंय, रस्ता हवाच. फक्त आमच्या गल्लीतून नको.”

रस्ता गल्लीतून सरळ जाणार होता. दोन्ही बाजूंच्या पायऱ्या आणि ओटे जाणार होते, घरं राहणार होती. पण ओटाही सोडायचा कशाला? बावीस घरं, एकवीस हरकती. समितीने माना डोलावल्या.

आठवड्याने साहेबांनी मला बोलावलं. नकाशावर पेन्सिल टेकवून म्हणाले, “गल्लीच्या तोंडाशीच वळवा. या कोपऱ्यावरून काढा, मागच्या मोकळ्या जागेतून. इथे एकच घर आहे, आणि त्यांची हरकत नाही.”

“साहेब, ते माझ्या ताईचं घर आहे.”

साहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, खरंच चकित झाला होता. “मग हरकत का नाही घेतली? तुम्ही तर इथेच बसता!”

मी विचारलं, “आता दिली तर?”

“मुदत संपून बारा दिवस झाले. एक आत घेतली की उद्या शंभर येतील. बाकी एकवीस घरं वाचतायत ना? रस्ता परत गल्लीतून नेऊन त्यांनाही आता चिडवू का?”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा नुसता रिकामा नव्हता, त्याने बहिणीचं घर तुडवलं.

मी नाही काढली तर शेजारच्या टेबलावरचा काढेलच, असं मनाला सांगत मी रेघ काढली. वळण कठीण होतं. दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा जमलं आणि, माझ्या हाताला आग लागो, ते जमल्याचं क्षणभर मला बरंही वाटलं. नंतर संडासात जाऊन रडलो. ताईच्या नवऱ्याने आणि तिने ते घर बारा वर्षं एकेक भिंत करत बांधलं होतं. भावजी गेल्यावर त्याच पुढच्या खोलीत कपडे शिवून तिने दोन पोरी उजवल्या. तिला सांगायला रोज निघायचो आणि रोज वाटेतून परत फिरायचो.

शेवटी नकाशा पालिकेच्या वरच्या दालनात लावला, तेव्हा ती गल्लीबरोबर आली. बायका एकमेकींना आपापली घरं दाखवत होत्या. मास्तरांनी ताईला पाहिलं आणि चष्मा पुसत भलतीकडेच बघू लागले.

“बाळ्या,” ताईने मला हाक मारली, “आपलं घर कुठंय रे यात? मला सापडेना.”

“ताई, रस्त्यात गेलेलं घर दाखवत नाहीत.”

तिला कळायला वेळ लागला. मग तिने त्या वळणावर बोट ठेवलं. बोटाला मशीनच्या तेलाचा डाग होता. “इथं?”

“हो.”

“सगळं?”

“सगळं. ताई, चूक माझीय. मीच तुला...”

“तू काढलीस ही रेघ?”

“हो.”

मला वाटलं ती आता ओरडेल, चारचौघांत माझी लाज काढेल. काढायलाच हवी होती. तिने बोट वळणावरून उचललं आणि पदराला पुसलं.

“पोरींना मीच सांगते,” ती म्हणाली. “तू नको सांगूस. त्या तुला वाट्टेल ते बोलतील.”

ती निघाली. जिना उभा आहे आणि तिचे गुडघे दुखतात, म्हणून मी धावत गेलो आणि हात पुढे केला. तिने हाताकडे पाहिलं. मग कठडा धरला आणि एकेक पायरी उतरत गेली.